हिंदुरावांचं मीठ

जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ सालचा. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी तो दूरदर्शनवर पाहिला असेल, काहींनी इथे आल्यावर डीव्हीडी आणून. या हिवाळ्यात मी तो पुन्हा पाहिला आणि त्यातला एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट, सारा गाव त्याच्या मुठीत. तिथे एक फाटका, दारूच्या आहारी गेलेला मास्तर येऊन पडतो. हा एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक. हिंदुराव त्याला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. मग मास्तरच्या कानावर एक नाव येतं, मारुती कांबळे. त्याचं काय झालं हे कुणी सांगत नाही. मास्तर विचारत राहतो. निळू फुले, डॉ. लागू आणि लेखन तेंडुलकरांचं! शेवट सांगत नाही, पाहाच.

हिंदुराव नुसताच दुष्ट असता तर आपलं काम सोपं होतं. पण त्याने गावाचा विकास केलेला आहे, आणि पंचाईत तिथेच होते. प्रत्यक्षातही साखरेने आपल्याकडे किती बदल घडवला! विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. पुढे ठिकठिकाणी कारखान्यांच्या आसपास शाळा आल्या, दवाखाने आले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सगळेच कारखानदार हिंदुराव नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. पण अमेरिकेत आलेल्या आपल्यापैकी कितीजण त्या कॉलेजांतून बाहेर पडले, जरा मोजून पाहा. मी त्यातलाच एक.

माझे काका अशाच एका कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर तीस वर्षं होते. फोनवर 'सामना'चा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "साहेबांनी कॉलेज काढलं नसतं तर तू आज बैलामागे असतास. मोठं काम करणाऱ्याच्या हातून थोडं इकडे-तिकडे व्हायचंच."

हा हिशेब फक्त आपल्याकडेच मांडतात असं नाही. इथल्या लुइझियानात ह्यूई लाँग १९२८ मध्ये गव्हर्नर झाला. त्याने मुलांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली, रस्ते आणि पूल बांधले, आणि सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षासाठी पैसे कापून घेतले. त्याच्यासारख्याच एका पुढाऱ्यावरचा 'ऑल द किंग्ज मेन' १९४९ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर घेऊन गेला. रस्ते बांधले ना, मग बाकीचं सोडा, असं म्हणणारी माणसं तिथेही होतीच.

मला या हिशेबात एक खोट दिसते. पुढे सुख मिळावं म्हणून माणूस स्वतः झीज सोसतो, तेव्हा तो त्याचा सौदा. इथे कॉलेज मला मिळालं आणि किंमत मोजली मारुती कांबळ्याने. त्याला कुणी विचारलं होतं? जमेची बाजू एकाच्या वहीत आणि खर्चाची दुसऱ्याच्या, मग वजाबाकी करणार कशी? काट्यावर आधी भरलेली गाडी आणि मग रिकामी गाडी तोलतात, पण गाडी तीच असावी लागते. हे काकांना मी सांगायला नको.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच प्रश्न विचारायचा? मास्तर तर हिंदुरावाची दारू पितो. आपल्या संस्कारात अशा माणसाला नमकहराम म्हणतात. मला मात्र वाटतं, ज्याने त्या घरचं काही खाल्लं नाही त्याच्यासाठी मारुती कांबळे ही एक बातमी असते. खाणाऱ्याला ती तशी सोडून देता येत नाही, कारण त्याच्या पानात काय वाढलं गेलं याच्याशीच तिचा संबंध असतो. मास्तर धुतल्या तांदळासारखा असता तर मला तो इतका पटलाही नसता. स्वच्छ हातांची माणसंच प्रश्न विचारणार म्हटलं, तर सगळे हिंदुराव निर्धास्त झोपतील.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. बराच वेळ ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुझं बरं आहे रे. विचारून तू तिकडे झोपणार. आम्हाला सकाळी उठून त्याच चौकात चहा प्यायचाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मास्तरही शेवटी बाहेरून आलेला, त्याला गमवायला काही उरलेलं नव्हतं. गावातल्यांना होतं.

फोन ठेवायच्या आधी काकांनी आवाज खाली केला. म्हणाले, "आमच्याकडेही होता एक. तोडणी कामगारांच्या मजुरीवरून भांडायचा." मी नाव विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा सांगतो, फोनवर नको."

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत.