तारखांमध्ये वाढणारी मुलं

नवरा-बायको वेगळे झाले की त्यांच्यातले हिशेब वर्षानुवर्षं चालतात. थकलेली पोटगी उशिरा का होईना वसूल होते, दागिने परत मागता येतात, फ्लॅट विकून वाटण्या करता येतात. मुलाचं तीन ते सहा हे वय मात्र कुठल्याही हुकूमनाम्याने परत मिळत नाही. आपल्या कौटुंबिक न्यायालयांत सगळ्यात मागे पडते ती हीच गोष्ट.

अशाच एका न्यायालयातली मुलांच्या भेटीची खोली. कोपऱ्यात खेळण्यांची टोपली, दाराशी समुपदेशक. एक बाप मुलासाठी बूट घेऊन आला होता. माप मागच्या भेटीच्या वेळचं. मधल्या भेटी कधी ताप, कधी परीक्षा, कधी गावची जत्रा अशा कारणांनी हुकलेल्या. बूट पायात शिरेना. मुलाने बुटांकडे पाहिलं, मग दाराबाहेर बसलेल्या आईकडे पाहिलं आणि ‘मला आवडलेच नाहीत’ म्हणून टाकलं. त्याने आईची बाजू घेतली असं मला वाटत नाही. घरी गेल्यावर काय चालेल आणि काय नाही, एवढंच ते पोर शिकलं होतं.

कायदा इथे मुका नाही. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं नातं संपत नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 1992मध्ये स्वीकारला; त्याच्या नवव्या कलमात आई-वडील दोघांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानला आहे. विधी आयोगाने 2015च्या 257व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये तर स्पष्टच सांगितलं की, खास कारण नसेल तर ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं.

अडतं ते तारखांपाशी. भेटीच्या अंतरिम अर्जावर म्हणणं मांडायला एक तारीख, वकील बदलला म्हणून दुसरी, न्यायाधीश रजेवर म्हणून तिसरी. तोवर मुलाला बाप परका झालेला असतो, आणि मग ‘मुलालाच यायचं नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून पुढे येतं. ही नाखुशी दिरंगाईतूनच उगवलेली असते, हे कोण विचारात घेणार?

मारहाणीचा, छळाचा इतिहास असेल तिथे भेट देखरेखीखालीच व्हावी, गरज पडली तर थांबावी. तिथे बापाच्या हक्काची भाषा मला मान्य नाही. पोटगी बुडवून भेटीसाठी अर्ज करणारे बापही आहेत. पण पोटगी थकली म्हणून भेट अडवणं आणि भेट अडली म्हणून पोटगी थांबवणं, दोन्हींत भुर्दंड मुलालाच पडतो.

माझी न्यायाधीशांना विनंती आहे: निकाल केव्हाही लागो, भेटीचा तात्पुरता आदेश पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच द्या आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारा. आणि वाचकांनो, तुमच्या नात्यात असं मूल असेल तर त्याच्या देखत त्याच्या बापाबद्दल वाईट बोलू नका, आणि भेटीच्या दिवशी त्याला वेळेवर पोहोचवा.