जवळचे दार आणि लांबची वाट



रात्री दोन वाजता घरातल्या वृद्ध माणसाला धाप लागली, तर 'सर्वांत जवळचे हॉस्पिटल कोणते?' असाच प्रश्न आपल्या तोंडी येतो. आरोग्यसेवेची आखणी करणारे मात्र 'सर्वांत चांगले उपचार कुठे मिळतील?' असे विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची टक्कर झाली की काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले.

तेथील किडरमिन्स्टर गावच्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग २००० साली बंद करण्यात आला. तातडीच्या रुग्णांना दुसऱ्या शहरातील मोठ्या हॉस्पिटलांत न्यावे लागू लागले. लोक संतापले. २००१ च्या निवडणुकीत याच एका मुद्द्यावर उभे राहिलेले निवृत्त डॉक्टर रिचर्ड टेलर १७,६३० मतांच्या आघाडीने खासदार झाले. पराभूत झालेले उमेदवार सरकारात उपमंत्री होते! २००५ साली लोकांनी टेलर यांना पुन्हा निवडून दिले.

मग सेवा एकवटणे हे पापच म्हणायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. लंडनमध्ये २०१० साली पक्षाघाताच्या ताज्या रुग्णांसाठी आठ विशेष केंद्रे ठरवण्यात आली. ॲम्ब्युलन्स जवळचे हॉस्पिटल ओलांडून थेट तेथे जाऊ लागली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या बदलामुळे वर्षाला सुमारे ९६ जीव अधिक वाचले. याउलट, इंग्लंडमधील सुमारे दहा हजार गंभीर रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. हॉस्पिटल दहा किलोमीटर लांब गेले की शंभरामागे सुमारे एक मृत्यू अधिक, असे त्यात आढळले. श्वासाचा त्रास असलेल्यांना या अंतराची झळ सर्वाधिक बसत होती.

म्हणजे एकाचा जीव लांबच्या वाटेने वाचतो, तर दुसऱ्याचा त्याच वाटेवर जातो. अशा वेळी बेरीज-वजाबाकी करून मोकळे होण्याचा मोह होतो. पण माणूस हा हिशेबातला आकडा नव्हे. पक्षाघाताच्या रुग्णाचे भले झाले, म्हणून दम्याच्या रुग्णाचे देणे फिटत नाही.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. लहान समूहाला जे नीट करता येते, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. आणि जे त्याच्या आवाक्याबाहेर आहे, तेथे मोठ्याने त्याला साहाय्य करावे. या तत्त्वाला दोन बाजू आहेत. मेंदूचे छायाचित्र काढून तत्काळ उपचार करणारे तज्ज्ञ रात्रंदिवस प्रत्येक गावात ठेवणे अवघड आहे. पण धाप लागलेल्याला ऑक्सिजन देणे गावाला जमू शकते. म्हणून सगळे एकवटावे की काहीच हलवू नये, हा वाद मुळात चुकीचा आहे. प्रत्येक सेवेबाबत वेगळा विचार व्हायला हवा.

आणि तो विचार कोणी करायचा? लांबची वाट ज्यांना जड जाते, ते म्हातारे, गरीब, घरी वाहन नसलेले लोक निर्णयाच्या बैठकीत सहसा नसतात. त्यांना निर्णयानंतर समजावणे पुरेसे नाही. निर्णयाआधी विचारले पाहिजे. लांब नेणारी ॲम्ब्युलन्स आणि तिच्यातील प्रशिक्षित माणसे सज्ज झाल्याखेरीज जवळचे दार बंद करणे हा अन्याय आहे.

चांगल्या शोमरोनी माणसाने जखमा रस्त्यावरच बांधल्या, त्यासाठी उतारशाळा येण्याची वाट पाहिली नाही. पण तेवढ्यावर तो थांबलाही नाही. पुढची सोय उतारशाळेतच होणार होती, म्हणून त्याने जखमीला तिकडे नेले; आपल्याच जनावरावर बसवून आणि आपल्याच पदरचे पैसे मोजून. दुसऱ्याला लांब पाठवण्याचा निर्णय जो घेतो, त्याने वाटेचा भारही स्वतः उचलायचा असतो.