रक्तदाबाचा निर्णय कुठे होतो?

मूत्रपिंडाच्या विकारात हृदय जाड होते, हे लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ साली नोंदवले. कारण मात्र कळले नव्हते. १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, त्याचा रक्तदाब चढला, आणि त्या पदार्थाला त्यांनी रेनिन हे नाव दिले. १९३४ मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी आवळून कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवेपर्यंत या शोधाची फारशी कोणी दखल घेतली नाही. पुढे १९४० च्या सुमारास ब्युनोस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या संशोधकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे समजले की खरा कर्ता रेनिन नसून त्याच्यामुळे रक्तात तयार होणारे अँजिओटेन्सिन आहे. त्यातून एक समज रुजला : रक्तात हॉर्मोन वाढले की दाब वाढतो. माझ्या मते हे अर्धेच सत्य आहे. हॉर्मोन सगळ्या शरीरात फिरते. त्याचे काय करायचे हे त्याला पकडणारा पेशीवरचा ग्राही ठरवतो, आणि तो ग्राही कोणत्या अवयवात बसला आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या उंदरांनी दिला. थॉमस कॉफमन यांच्या गटाने अँजिओटेन्सिनचा मुख्य ग्राही नसलेल्या आणि असलेल्या उंदरांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल केली. काहींच्या फक्त मूत्रपिंडात ग्राही उरले, काहींच्या मूत्रपिंड सोडून इतरत्र. मग त्यांना सतत अँजिओटेन्सिन दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : मूत्रपिंडात ग्राही असतील तर दाब चढतो आणि हृदय जाड होते; ते तिथे नसतील, तर हृदयात आणि रक्तवाहिन्यांत असलेले ग्राही हे घडवायला पुरे पडत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, तेवढ्यानेच दाब वाढत नाही का? वाढतो, पण टिकत नाही. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकून तो उतरवते. मूत्रपिंडच मीठ धरून ठेवू लागले तरच तो टिकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : त्याच गटाच्या २००५ च्या प्रयोगात, नेहमीचा दाब राखण्यात मूत्रपिंडाबाहेरच्या ग्राहींचा वाटाही तेवढाच निघाला. तो मान्यच करायला हवा. माझा दावा चढून बसलेल्या दाबापुरता आहे. उंदरांवरून माणसाचे काय कळणार, या शंकेला लिडल सिंड्रोम हे उत्तर आहे. १९६३ मध्ये वर्णन झालेल्या या आनुवंशिक विकारात मूत्रपिंड जादा सोडियम शोषते. त्यातल्या एका रुग्णाचे मूत्रपिंड बदलले, आणि विकार नाहीसा झाला.

मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हॉर्मोनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्याच्या ग्राहीला कॉर्टिसॉल हे दुसरे हॉर्मोनही तितकेच चिकटते, आणि रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी पट जास्त असते. म्हणून मूत्रपिंडाच्या पेशीत एक विकर कॉर्टिसॉलला निष्क्रिय करत राहते. आपल्या घरोघरी खोकल्यावर चघळला जाणारा ज्येष्ठमध नेमके हेच विकर रोखतो. अल्डोस्टेरॉन मुळीच न वाढता मीठ साठते, पोटॅशियम घटते, दाब चढतो. रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये. आणि अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवणारे लोसार्टनसारखे औषध चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन जरूर तपासून घ्यावे.