शेजाऱ्याच्या विश्वासाबद्दल खोटी साक्ष

आजचं वचन : निर्गम २०:१६



शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याला मनाई करणारी ही आज्ञा आपल्या मंडळीत नववी म्हणून शिकवतात. कॅथलिक आणि लूथरन तिला आठवी म्हणतात. मोजणी वेगळी, आज्ञा तीच.

मागच्या महिन्यात वसईच्या एका कॅथलिक मित्राशी माझा वाद झाला. कॉलेजपासूनची दोस्ती. मी तावातावाने म्हणालो, "तुम्ही लोक कर्मं करून तारण कमावता, मग ख्रिस्त मेला कशाला?" त्याने एवढंच विचारलं, "ट्रेंटच्या परिषदेने काय म्हटलंय, वाचलंयस कधी?" वाचलं नव्हतं. म्हणून मी विषय बदलून मरियेवर गेलो आणि 'मूर्तिपूजक' हा शब्द वापरला. त्याची आई रोज रोझरी म्हणते, हे मला माहीत होतं. तेव्हापासून त्याचा मेसेज नाही.

घरी येऊन वाचलं. ट्रेंटच्या सहाव्या सत्रातला (१५४७) पहिलाच नियम असा, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणणारा शापित असो. म्हणजे मी जे त्याच्या तोंडी घातलं, ते त्याच्या चर्चने पावणेपाचशे वर्षांपूर्वीच धिक्कारलंय! फरक संपला असं मात्र नाही. 'केवळ विश्वासाने' या शिकवणीवर त्याच सत्राचा नववा नियम तुटून पडतो, आणि तिथे मी आजही ट्रेंटच्या बाजूने नाही.

उलट बाजूनेही हेच चालतं. "तुमचं बरंय, विश्वास ठेवला की कसंही वागायला मोकळे," हे मी किती वेळा ऐकलंय. पण वेस्टमिन्स्टरच्या विश्वासाच्या कबुलीत, अकराव्या प्रकरणात, स्पष्ट आहे की असा विश्वास माणसात कधी एकटा राहत नाही, तो प्रीतीने काम करतो.

पूर्वी मला वाटायचं, प्रश्न फक्त सुराचा आहे. 'ब्रदर' म्हणून हळू आवाजात बोललं की झालं. पण गोड आवाजातही खोटी साक्ष देता येते. ऑफिसात कुणी माझा कोड न वाचता रिव्ह्यूमध्ये 'हे चूक आहे' असं लिहिलं, तर माझा किती जळफळाट होतो! आणि मी एक अख्खी परिषद न वाचता नापास केली.

लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत या आज्ञेचा अर्थ सांगताना म्हटलं, शेजाऱ्याची बाजू सांभाळा, त्याच्याविषयी चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा होईल तेवढा चांगला अर्थ लावा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनीही आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलंय, की समोरच्याचं बोलणं धिक्कारण्याआधी ते सावरून घ्यायला तयार असा, कळलं नाही तर त्यालाच विचारा, चुकत असेल तर प्रेमाने सुधारा. दोन विरुद्ध छावण्यांतली ही माणसं! लूथरला स्वतःला ते जमलं नाही, ही गोष्ट वेगळी. १५४५ मध्ये पोपविरुद्ध त्याने लिहिलेल्या पुस्तिकेतली भाषा वाचून मला लाज वाटते. माणूस आपला, म्हणून जास्तच.

आता मी स्वतःला एक अट घातलीय. विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की तोच म्हणेल, "हो, आम्ही हेच मानतो." मरियेच्या बाबतीत हे मला अजून धड जमत नाही. आराधना फक्त देवाची आणि मरियेला मान, असा फरक ते करतात, हे आता कळतं. प्रार्थनेत तिला हाक मारणं मला तरीही पटत नाही. पण मी वापरलेला तो शब्द खोटा होता.

प्रभू, उद्या रविवार. तो मिस्सा आटोपून घरी येईल तेव्हा त्याला फोन करायचा आहे. आधी माफी मागू दे, ट्रेंटचं नंतर बघू. आणि फोन त्याच्या आईने उचलला, तर मला शब्द दे. आमेन.