मृतांचे खासगी कागद

मनुष्य मरतो, परंतु त्याचे कागद मागें राहतात. घर, शेत व गुरेंढोरें यांची वांटणी कशी करावी हें रूढीनें व कायद्यानें ठरलेलें आहे. पण ज्या पत्रांत त्यानें आपलें मन मोकळें केलें, ज्या रोजनिशींत आपले दोष स्वतःशींच कबूल केले, त्यांचें काय करावें? तीं जपावीं कीं जाळावीं? आणि जपलीं तर परक्यानें वाचावीं काय? या प्रश्नाचा विचार करण्यास वेल्स देशाचें उदाहरण उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा लहानसा डोंगराळ देश. त्याची भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी. तेथें १९०७ सालीं राजाच्या सनदेनें ॲबरिस्टविथ या समुद्रकांठच्या गांवीं राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन झालें. छापील ग्रंथांबरोबर कवींचे, चित्रकारांचे, उपदेशकांचे व जुन्या घराण्यांचे खासगी कागदही तेथें ठेविलेले आहेत: पत्रें, रोजनिश्या, कवितांचे कच्चे खर्डे, हिशेबाच्या वह्या, जमिनीचे दस्तऐवज. अशा संग्रहांचा एक नियम असा कीं, धन्यानें कागद ज्या क्रमानें ठेविले तो क्रम होतां होईल तों मोडूं नये. कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता यावरूनही पुष्कळ कळतें.

प्रथम जपण्याचा लाभ पाहूं. ॲन ग्रिफिथ्स ही एका शेतकऱ्याची मुलगी. १७७६ ते १८०५ एवढेंच तिचें आयुष्य. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती वारली. तिचीं गीतें वेल्श भक्तिगीतांत अत्युत्तम मानिलीं जातात. पण तिनें स्वतः तीं छापलीं नाहींत. घरची चाकरीण रूथ इव्हान्स हिनें तीं तोंडपाठ ठेविलीं, आणि रूथचा नवरा जॉन ह्यूज यानें तीं लिहून घेतलीं. ॲनच्या स्वतःच्या हातचें एकच पत्र उरलें आहे. तें रूथच्या बहिणीस लिहिलेलें असून त्यांत एका गीताचें एक कडवें आहे. तिच्या हस्ताक्षरांतील तेवढेंच काव्य! कोणी तें पत्र चुलींत घातलें असतें तर त्या काळीं त्यास कोणी दोष दिला नसता. आज तो कागद साऱ्या राष्ट्राचें धन झाला आहे.

परंतु कागद नेहमीं धन्याच्या बाजूनेंच साक्ष देतात असें नाहीं. एडवर्ड विल्यम्स (१७४७–१८२६) हा पाथरवट ‘इओलो मोर्गानुग’ या नांवानें प्रसिद्ध आहे. जुन्या हस्तलिखितांच्या नकला करून त्यानें पुष्कळ विद्या वांचविली. पण स्वतः रचलेल्या कविता चौदाव्या शतकांतील थोर कवि डाव्हिद आप ग्विलिम याच्या म्हणून खपविल्या. पुष्कळ काळ विद्वानही फसले. पुढें जी. जे. विल्यम्स यांनीं त्याचेच कागद बारकाईनें तपासून १९२६ सालीं ही बनावट उघड केली. ज्या दप्तरांत लबाडी जन्मली त्यांतच तिचा पुरावा निघाला! मात्र तोच पुरावा हेंही दाखवितो कीं, तो मनुष्य स्वतः मोठा कवि होता. दप्तर जळालें असतें तर त्याची लबाडी झांकली गेली असती, पण त्याची खरी योग्यताही कोणास कळली नसती.

हॉवेल हॅरिस (१७१४–१७७३) हा वेल्समधील धार्मिक जागृतीचा पुढारी. त्याच्या रोजनिशीच्या अडीचशेंहून अधिक वह्या आहेत. आरंभींच्या लॅटिन भाषेंत लिहिलेल्या. त्यांत प्रार्थना आहे, तसाच रागही आहे. आणि १७५० सालीं सोबत्यांपासून तो ज्या कलहामुळें वेगळा झाला, तोही आहे. अनुयायांनीं भक्तीपोटीं अडचणीचीं पानें फाडिलीं असतीं तर आपणांस एक मूर्ति मिळाली असती, मनुष्य मिळाला नसता. दोषांसह संपूर्ण ठेविलेला मनुष्य हा छाटून निर्दोष केलेल्या मनुष्यापेक्षां आपल्या अधिक उपयोगाचा आहे.

यावर कोणी म्हणतील, “मृताची संमति कोणी घेतली?” हा आक्षेप हलका नाहीं. ग्वेन जॉन (१८७६–१९३९) ही वेल्समध्यें जन्मलेली चित्रकर्त्री फ्रान्समध्यें एकांतांत राहिली. शिल्पकार रोदँ यांस तिनें लिहिलेलीं प्रेमाचीं पत्रें पॅरिस येथील रोदँ संग्रहालयांत आहेत. तिच्या वह्या व पत्रांचे खर्डे ॲबरिस्टविथला आहेत. लोकांपासून दूर राहणाऱ्या स्त्रीचें मन आज कोणाही अभ्यासकापुढें उघडें आहे. हें आम्हांसही बोंचतें.

तथापि जपणें व वाचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जपलेलें न वाचतां ठेवितां येतें. जाळलेलें पुनः आणितां येत नाहीं. म्हणूनच जिवंत माणसांच्या अब्रूस धक्का लावणारे कागद पुष्कळ संग्रहांत ठराविक वर्षें बंद ठेवितात. शिवाय वाचणाऱ्याच्या हेतूंतही भेद असतो. एक सत्य शोधावयास येतो, दुसरा शेजाऱ्याच्या खिडकींतून डोकावावयास. कागद तेच, पहिल्याच्या हातीं ती ठेव, दुसऱ्याच्या हातीं ती चहाडी.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाहीं. १८४१ सालीं खासी डोंगरांत आलेल्या वेल्श मिशनचीं दप्तरें ॲबरिस्टविथ येथेंच आहेत. तीं जपलीं गेलीं म्हणून खासी लोकांनाही आपल्या पूर्वजांचें वृत्त तेथें शोधितां येतें.

आपल्या खेड्यांतील घरोघरींही माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते. तींत आजोबांचीं पत्रें, आईची गाण्यांची वही, नांव नसलेलीं छायाचित्रें पडलेलीं असतात. वाचकहो, दुःखाच्या दिवसांत घाईनें त्यांतील कांहीं जाळूं नका. छायाचित्राच्या पाठीमागें नांव व साल लिहा. वाळवीपासून तीं सांभाळा. वडील मंडळी जिवंत आहेत तोंच त्यांस विचारा, “याचें काय करावें?” त्यांनीं “जाळा” म्हटलें तर त्यांचा शब्द पाळा, कारण तो हक्क त्यांचा आहे. परंतु त्यांनीं कांहींच सांगितलें नसेल तर कागद राहूं द्या. त्यांत आपणांस न आवडणारें कांहीं निघालें, तरी तें खोडण्याचा अधिकार आपला नाहीं.