प्रारब्ध कोणाचं?

“ज्याचं त्याचं प्रारब्ध,” छापखान्याचे मालक मला म्हणाले. गिरगावातल्या त्या छापखान्यात ट्रेडलवर लग्नपत्रिका छापताना मशीनमनची उजवी तर्जनी मुळापासून चिरडली होती. बोटांआड यायला मशीनला जाळी नव्हतीच. मी युनियनच्या ऑफिसात भरपाईचे अर्ज लिहीत असे.

जखमी माणूसही तेच म्हणत होता: भोग होता, भोगला. शिवाय, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर दावा कसा लावू? त्याच्या तोंडी ‘भोग’ शोभतो. दुःख पचवायला माणसाला आधार लागतो. मालकाच्या तोंडी मात्र मी ते पाप मानतो. कर्मसिद्धान्तात संचित आणि प्रारब्धाबरोबर क्रियमाणही आहे, आज या देहाने केलेलं कर्म. जाळीचे पैसे वाचवणं हे मालकांचं क्रियमाण. कामगाराचा मागचा जन्म उकरायचा आणि आपलं आजचं कर्म झाकायचं, हा कुठला धर्म? आणि मीठ म्हणाल, तर ते त्याने घाम गाळून मिळवलेलं होतं.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली परळला गिरणी कामगार जमवले, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारच्या सुट्टीबरोबर त्यात मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा जायबंदी झाल्यास पोटापाण्याची सोय. भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. तो कायदा विचारायचा, दारू प्यायला होतास का, गार्ड मुद्दाम काढलास का. मागच्या जन्माचं विचारत नसे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायलाही लावत नसे. मला यात मोठी धर्मबुद्धी दिसते.

तरी त्याचं परिशिष्ट मला बोचायचं. पूर्ण तर्जनी: 14 टक्के. कमाईची ताकद तेवढी घटली, असं धरून पगार आणि वयावरून रक्कम काढायची. हा मशीनमन लालबागच्या चाळीत एकादशीला पखवाज वाजवायचा. शाईच्या पुडीवर त्याचं हेच बोट बोलायचं. त्यासाठी अर्जात रकाना नाही. असावा, असंही मला वाटत नाही; त्याची किंमत भरपाई ठरवणाऱ्या कोणत्या आयुक्ताने करावी? मिळालेले पैसे हे बोटाचं मोल नव्हेच. ते मालकाचं देणं आहे, आणि देणं मागण्यात कृतघ्नपणा नाही. हे त्याला पटलं, तेव्हा त्याने सही केली, डाव्या हाताने.

तुमच्या घरात असं घडलं तर देवाचं नाव जरूर घ्या. पण त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा, हॉस्पिटलचे कागद जपा, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.