पेणचा मूर्तिकार आणि रोह्याचा ऑपरेटर

पेणच्या एका गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर होता. आखणी झाली की मूर्तीत जीव येतो, म्हणून कारखान्यात त्याला मान होता. पण सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसे. दारूच आपली कला सांभाळते, असं तो समजे. खरं तर हात कापत होता तोच दारूमुळे. पुढे दोन घोटांचे चार झाले, तरी थरथर थांबेना. मूर्तींचे डोळे बिघडू लागले. मालकाने ब्रश काढून घेतला, बायको मुलांना घेऊन माहेरी गेली.

एका संध्याकाळी त्याने कुणीतरी दिलेल्या नंबरवर फोन लावला. फोन उचलणारा रोह्याचा होता. धाटावच्या एमआयडीसीत केमिकल प्लँटवर ऑपरेटर, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संस्थेचा जुना सभासद. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पेणला हजर झाला.

"एकदम बंद केलीस तर झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरकडे चल," तो म्हणाला. मग मीटिंगला घेऊन गेला. "जन्मभराचं राहू दे. आज प्यायची नाही, एवढंच बघ."

असे 'आज' एकाला एक जोडत वर्ष गेलं. हात स्थिर झाला, ब्रश परत मिळाला, घर भरलं. कारागीर रोहेकराला म्हणाला, "काका, यंदा तुमच्या घरचा गणपती माझ्याकडून. पैसे घेणार नाही."

"मूर्ती नेईन, पण पैसे देऊन," काका म्हणाले. "अरे, तुझा फोन आला त्या दिवशी माझा पगार झाला होता आणि पाय दुकानाकडे वळले होते. तुझ्याशी बोलता बोलता मी घरी पोचलो. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी आपली संस्था सुरू करणाऱ्या बिल विल्सनचंही असंच झालं. दारू सोडून पाच महिने झालेले, धंद्यात नुकतीच हार झालेली, आणि हॉटेलात समोर बार. त्याने फोन फिरवून दुसरा दारुडा शोधला. का? तर त्याच्याशी बोलून स्वतः वाचावं म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. त्यांनी १० जूनला शेवटची दारू घेतली आणि तिथून संस्थेची सुरुवात धरली जाते. तेव्हा तू माझं देणं लागत नाहीस. द्यायचंच असेल तर नागोठण्याला एक पोरगा आहे, त्याच्याकडे जा."

कारागीर गेला. पोराने शिव्या घालून दार लावून घेतलं. तो पुन्हा गेला, पुन्हा गेला. अखेर एक दिवस पोरगा मीटिंगला आला.

पुढच्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर शेवटची मूर्ती गेली. हातात हंगामाचे पैसे आले, जागरणाने अंग मोडलं होतं, आणि कारागिराला जुनी तल्लफ आली. त्याने काकांना फोन लावला. काका पाळीवर होते, आणि प्लँटवर मोबाइल नेता येत नाही. घंटा वाजत राहिली. मग त्याने नागोठण्याला फोन केला. पोरगा मोटारसायकल काढून आला. म्हणाला, "दादा, मला काकांसारखं समजावता येत नाही. पण सकाळपर्यंत बसतो." आणि बसला. पैसे सकाळी वहिनींच्या हातात देऊनच तो निघाला.

पुढच्या मीटिंगमध्ये कारागीर म्हणाला, "मी या पोराला वाचवायला गेलो होतो. तेव्हा मी माझ्याच वाईट रात्रीची सोय करत होतो, हे मला ठाऊक नव्हतं."

तात्पर्य: उपकार फेडायचे तर ते पुढच्या गरजूच्या हाती द्यावेत. व्यसनातून एकट्याने बाहेर राहणं फार अवघड असतं. जो दुसऱ्याला धरून ठेवतो, तोच स्वतः उभा राहतो.